प्रशिक्षणाचा कागद मिळाला, मशीन कुठून येणार?

आपल्या तीर्थपुरीत कुणाच्याही घरी जा, एखाद्या तरी बाजीच्या किंवा आपाच्या हातात सुई-दोऱ्याचा हुनर सापडतो. पालकसभेला आलेल्या एका विद्यार्थिनीच्या अम्मीने पिशवीतून प्लास्टिकच्या फाईलमधलं प्रमाणपत्र काढून दाखवलं. शिवणकामाचं मोफत प्रशिक्षण त्यांनी पूर्ण केलं होतं. मी विचारलं, "मग आता काम सुरू केलं का?" त्या म्हणाल्या, "सर, मशीन कुठंय? बँकवाले कर्ज घ्या म्हणतात. घरात सूद नको म्हणतात."

दोन वाक्यांत त्यांनी सगळा प्रश्न मांडला. महिलांना उद्योजक बनवण्यासाठी सरकारी पैसा येतो, वर्ग भरतात, फोटो निघतात. पण शिकणं आणि कमावणं यांच्यामध्ये भांडवलाची एक पायरी आहे, आणि आपल्या बहिणी नेमक्या तिथंच थांबतात.

सच्चर समितीने 2006 मध्येच लिहून ठेवलं होतं की मुस्लिम समाज नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर जास्त जगतो, आपल्या स्त्रिया बहुतेक घरी बसूनच काम करतात, आणि बँकेचं कर्ज मात्र आपल्यापर्यंत कमी पोहोचतं. त्यानंतर अल्पसंख्याकांसाठी 'सीखो और कमाओ', 'नई रोशनी', 'उस्ताद', 'नई मंजिल' अशा योजना आल्या. पुढे त्या वेगळ्या राहिल्या नाहीत, 'पीएम विकास' या एकाच योजनेत मिसळल्या गेल्या. म्हणजे आपल्या नावाची योजना कायम राहीलच, असं धरून चालता येत नाही.

हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. अमेरिकेत अटलांटा शहरात 'फिअरलेस फंड' नावाची संस्था कृष्णवर्णीय महिलांच्या छोट्या धंद्यांना 20,000 डॉलरचं अनुदान आणि सोबत मार्गदर्शन देत होती. अनुदान म्हणजे परत न करायचा पैसा. ऑगस्ट 2023 मध्ये एका संघटनेने कोर्टात धाव घेतली की एकाच वंशाच्या महिलांना पैसा देणं हा भेदभाव आहे. आधार घेतला तो 1866 च्या नागरी हक्क कायद्याचा, जो मुळात गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या रक्षणासाठी झाला होता! जून 2024 मध्ये अपील कोर्टाने संस्थेच्या विरोधात निकाल दिला आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती अनुदान स्पर्धा कायमची बंद झाली.

यातून आपण काय घ्यायचं? आपल्या नावाच्या योजनेची वाट बघत बसू नये. जी योजना सर्वांसाठी आहे, तिच्यात आपला हक्क पूर्ण घ्यावा. आणि जी पायरी सरकार बांधत नाही, ती समाजाने बांधावी.

आधी हक्काचं बघू. 'पीएम विश्वकर्मा' योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. तिच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे, टोपल्या-चटया-झाडू विणणंही आहे. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर मिळतं. पाच टक्के व्याजाचं कर्जही आहे, पण ते ज्याला हवं त्यानेच घ्यायचं. अवजारांचे 15,000 त्या कर्जाला बांधलेले नाहीत. ही गोष्ट आपल्या घरांत फार थोड्यांना ठाऊक आहे. लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो, म्हणून नाव कुणाचं लावायचं ते घरात आधी ठरवा. आपल्या व्यवसायाची नोंदणी सध्या चालू आहे का, हे सीएससी केंद्रात विचारून घ्या.

दुसरी मोठी योजना 'पीएमईजीपी'. तिला लोक अनुदान योजना म्हणतात, पण हिशोब नीट समजून घ्या. दोन लाखांचा प्रकल्प असेल तर महिला किंवा अल्पसंख्याक अर्जदाराने स्वतःचे पाच टक्के, म्हणजे 10,000 घालायचे. बाकी 1,90,000 बँक कर्ज म्हणून मंजूर करते. अनुदान ग्रामीण भागात 35 टक्के, म्हणजे 70,000, आणि शहरी भागात 25 टक्के, म्हणजे 50,000. तीर्थपुरीला आता नगरपंचायत आहे, तेव्हा आपल्याला कोणता दर लागतो ते अर्जाआधीच विचारा. हे अनुदान हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. म्हणजे कर्ज नाही तर अनुदानही नाही. ज्या घराला व्याज नको, त्या घरासाठी हा दरवाजा उघडून परत बंद होतो.

अशा घरांना "मागासलेले" म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांचा ईमानचा प्रश्न आहे आणि तो आपणच सोडवला पाहिजे. रस्ताही आपल्याच इतिहासात आहे. हजरत खदीजा रजि. मोठ्या व्यापारी होत्या, पण काफिल्यासोबत स्वतः जात नव्हत्या. माल आणि भांडवल त्यांचं, मेहनत दुसऱ्याची, आणि नफ्यात दोघांचा वाटा. यालाच फिकहमध्ये मुदारबा म्हणतात. भांडवल आणि मेहनत यांची जोड व्याजाशिवाय बसू शकते, हे त्यांच्या व्यापारातूनच दिसतं.

मग आपल्या मोहल्ल्यात काय होऊ शकतं? रमजानमध्ये जकात निघते आणि बरीचशी किरकोळ वाटपात संपते. त्यातला काही भाग, उलेमांना विचारून, जकातीस पात्र असलेल्या एखाद्या प्रशिक्षित बहिणीला मशीन घेऊन देण्यात लागला, आणि मशीन तिच्याच मालकीची झाली, तर पुढच्या काही वर्षांत तीच बहीण जकात देणारी होऊ शकते, इन्शाअल्लाह. जी पात्र नाही तिला कर्जे हसना द्या, हप्त्याने परत येईल तसं पुढच्या बहिणीला जाईल. दहा घरांनी मिळून एक मशीन घेणं तीर्थपुरीला जड नाही.

मशीन आली तरी काम हवंच. शाळेचे गणवेश, लग्नसराईचे कपडे, बुरखे शिवायला आपण बाहेरगावी देतो. तीच ऑर्डर आधी मोहल्ल्यातल्या बाजीला द्या. आधार, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला यांवर नाव सारखं आहे का, हे शिकलेल्या मुलींनी आपल्या अम्मी-खालांचं तपासून द्यावं. एका अक्षराच्या फरकानेही अर्ज अडतो.

प्रशिक्षण सरकारने दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. त्या अम्मीच्या फाईलमधला कागद खोटा नाही. तो कागद आणि मशीन यांच्यामधलं अंतर मात्र दिल्ली किंवा मुंबईचं नाही, आपल्याच गल्लीचं आहे. जुम्याच्या नमाजनंतर पाच माणसं पाच मिनिटं बसली, तरी ते कमी व्हायला सुरुवात होईल.