पेंडीवरचा मासा आणि श्रमिकाचे ताट

समुद्राची मासळी महागली की शहाडसारख्या कामगारवस्तीतले गिऱ्हाईक रोहू-कटल्याकडे वळते. हे मासे तळ्यांत वाढविलेले असतात. या मत्स्यशेतीत अग्रेसर असलेल्या आंध्र प्रदेशात भाताचा तेल काढलेला कोंडा आणि भुईमुगाची पेंड हेच त्यांचे मुख्य खाद्य.

पेंडीला विरोध करण्याचे कारण नाही. तारलीसारखी गरिबाची मासळी दळून निर्यातीच्या कोळंबीला चारावी, यापेक्षा पेंड कितीतरी न्याय्य. परंतु माशाच्या अंगची चरबी त्याच्या खाद्याचे वळण घेते. हृदयाला हितकर मानली जाणारी लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले सागरी शैवालांत तयार होऊन लहान माशांत उतरतात; पेंडीत ती नसतात. रोहू ती वनस्पतिज मेदाम्लांपासून काही प्रमाणात घडवू शकतो. जिताड्यासारख्या मांसाहारी माशाला ते फारसे साधत नाही. शिवाय पिष्टमय खाद्य गरजेहून अधिक झाले, तर यकृतात व आतड्यांभोवती चरबी साठते. मासा वजनात भरतो, गुणात उणावतो.

यावर उपाय आहे. विक्रीपूर्वी काही आठवडे मत्स्यतेल किंवा शैवालतेल मिसळलेले खाद्य दिल्यास ही उणीव बरीचशी भरून निघते. त्याचा खर्च लहान मत्स्यशेतकऱ्याने एकट्याने का सोसावा? मुंबईत १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था जनतेच्या पैशावर चालते. हे ज्ञान तळ्याच्या काठापर्यंत पोचविणे आणि त्यासाठी अर्थसाह्य देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. स्वस्त मासा म्हणजे निकस मासा, हे समीकरण श्रमिकांनी मान्य करता कामा नये.