विश्लेषण : ‘हर्बल’ माउथवॉशने मुलांचे दात किडायचे थांबतात का?

‘केमिकल-फ्री’, ‘नैसर्गिक’, ‘मुलांसाठी सुरक्षित’... त्रिफळा, तुळस, कडुनिंब किंवा ग्रीन टीचा अर्क असलेल्या माउथवॉशच्या अशा जाहिराती सोशल मीडियावर दिसतात. जगात ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२चा अहवाल सांगतो. त्यामुळे असा सोपा उपाय पालकांना हवाच असतो. पण संशोधन काय सांगतं?

दात किडतात कसे?

तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्यामुळे दातावरच्या कठीण आवरणातली, म्हणजे इनॅमलमधली खनिजं निघून जातात. हे वारंवार घडलं की दाताला खड्डा पडतो.

वनस्पतींचे अर्क काम करतात का?

काही प्रमाणात, हो. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या शाळकरी मुलांना त्रिफळाच्या पाण्याने चुळा भरायला दिल्या. दातांवरचा थर आणि जीवाणू कमी करण्यात त्रिफळा आणि क्लोरहेक्सिडिन हे प्रचलित औषध जवळपास सारखंच ठरलं. क्लोरहेक्सिडिन बराच काळ वापरलं तर दातांवर डाग पडतात, म्हणूनच संशोधक पर्याय शोधत आहेत.

मग अडचण कुठे आहे?

जीवाणू कमी होणं म्हणजे कीड थांबणं नव्हे. दात किडायला अनेक महिने लागतात, तर अशा अर्कांवरचे बरेच अभ्यास काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे असतात.

फ्लोराइडबाबत मात्र थेट पुरावा आहे. कोक्रेनच्या २०१६च्या आढाव्यानुसार, देखरेखीखाली नियमित फ्लोराइड माउथवॉश वापरणाऱ्या मुलांच्या कायमच्या दातांमधली कीड सरासरी २७ टक्क्यांनी कमी झाली. फ्लोराइडमुळे इनॅमलमध्ये खनिजं पुन्हा बसायला मदत होते.

पालकांनी काय करावं?

• दिवसातून दोनदा फ्लोराइड टूथपेस्टने ब्रश करून घ्या. ३ वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तर ३ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

• ६ वर्षांखालील मुलं माउथवॉश गिळू शकतात. दंतवैद्यांनी सांगितल्याशिवाय त्यांना तो देऊ नका, हर्बल असला तरीही.

• लेबल वाचा. ‘नैसर्गिक’ उत्पादनातही अल्कोहोल असू शकतं.

• सारखं गोड खाणं आणि रात्री तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपणं टाळा.

थोडक्यात, हर्बल माउथवॉश जोडीला चालेल, पण त्याच्या भरवशावर फ्लोराइड टूथपेस्ट बंद करणं मुलांच्या दातांना महागात पडू शकतं.