बत्तीर : दगडी बांध आणि वाहते पाणी

बेथलेहेमजवळच्या बत्तीर या पॅलेस्टिनी गावात झऱ्याचे पाणी आठ कुळे पाळीपाळीने शेताला देतात. म्हणून तिथला पाण्याचा आठवडा आठ दिवसांचा! गावातील दगडी बांध, पाट यांची नोंद करून जतन आराखडा तयार झाला. त्याला २०११ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये हा परिसर संकटग्रस्त जागतिक वारसा ठरला. शेतांतून जाणारी इस्रायलची विभाजक भिंत २०१५ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने थांबवली. मात्र २०२४ मध्ये याच वारसाक्षेत्रातील जमिनीवर इस्रायली वसाहतीला मंजुरी मिळाली. बांध दरवर्षी डागडुजी मागतो. शेतकऱ्याला शेतापर्यंत जाताच आले नाही, तर बांध ढासळणारच. जुन्या गावाचे जतन म्हणजे आधी तिथल्या माणसाचा जमिनीवरचा हक्क राखणे.