राखणदाराची वही कोणाच्या हाती?

बडोदे म्हटले की मराठी माणसाला सयाजीराव महाराजांची ग्रंथालये आणि मोडी कागदांनी भरलेली दफ्तरे आठवतात. त्याच महाराजांच्या कारकीर्दीत २० जुलै १९०८ रोजी तेथे बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. १० ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने तिला ‘बॉब वर्ल्ड’ या मोबाईल सेवेत नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. ग्राहक जोडण्याच्या पद्धतीविषयी रिझर्व्ह बँकेचे गंभीर आक्षेप होते. ८ मे २०२४ रोजी मनाई उठली. परंतु तिने उभा केलेला प्रश्न एका बँकेपुरता नाही. कोणी, केव्हा, कोणत्या खात्याला हात लावला हे सांगणारी नोंद शाबूत राहील, याची हमी कोण देणार?

मोठ्या कचेरीच्या संगणकात दोन वह्या असतात. एक व्यवहाराची, दुसरी त्या व्यवहारावर पहारा ठेवणारी. ही दुसरी वही झपाट्याने फुगते, म्हणून ठराविक मुदतीनंतर यंत्रच ती पुसून टाकते. ओरॅकलच्या प्रणालीत यंत्राच्या कामकाजाच्या नोंदी, मुदत वाढवली नाही तर, अवघे ८ दिवस राहतात. तक्रार महिन्याने आली की तपासनिसाच्या हाती कोरे पान!

चोरालाही या वहीचे मोल कळते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला वळवले गेले. तेव्हा चोरांनी पेरलेल्या प्रणालीने रकमा पाठवल्याच्या नोंदी पुसल्या आणि पावत्या छापणारे यंत्रही मुके केले.

म्हणून नोंदी नाहीशा झाल्याचे दिसताच कारकुनावर ठपका ठेवण्याची घाई नको. आधी आपोआप पुसण्याचे काम थांबवावे, उरलेल्या नोंदींची नक्कल निराळ्या जागी ठेवावी आणि मगच शोध घ्यावा. मुदत संपून गेलेल्या नोंदी एका तारखेपाशी सरळ तुटतात. हाताने पुसलेल्यांचे खिंडार बहुधा मधोमध पडते.

कायदा झोपलेला नाही. संगणकीय नोंदी १८० दिवस जपण्याचा आदेश केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये दिला. कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाची, बंद न करता येणारी नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. पण व्यवहाराची वही लिहिणाराच पहाऱ्याच्या वहीचाही धनी असेल, तर नियम कागदावरच राहील.

गोमंतकीयांना हे निराळे सांगायला नको. बनावट दस्तऐवजांनी बळकावलेल्या जमिनींच्या तपासासाठी २०२२ मध्ये येथे विशेष पथक नेमावे लागले. कागदावर निदान खाडाखोडीचा डाग राहतो. संगणकात तोही राहत नाही. सरकारी खाती, पंचायती, सहकारी पतसंस्था यांनी पहाऱ्याच्या नोंदींची प्रत त्रयस्थाच्या ताब्यात ठेवावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. गावच्या राखणदाराला आपण श्रद्धेने नारळ ठेवतो, कारण तो कोणाचाही मिंधा नसतो. आपल्या नोंदींचा राखणदारही तसाच हवा.