बीपीनं मेलेला आदिवासी कागदावर का नाही?



माझी आजी पहाटे चुलीपुढं बसली अन् तिथंच कलंडली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. घरचे म्हणाले, अंगावरून वारं गेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. नोंदीत लिहिलं, ‘वृद्धापकाळ’. तिचं बीपी उभ्या जन्मात कुणी मोजलं नव्हतं.

बीपी म्हणजे बंगल्यातल्या मालकाचा आजार, कष्ट करणाऱ्या आदिवासीला कुठला बीपी, असं शिकलेली माणसं अजून बोलतात. साफ खोटं! डॉ. अभय बंग यांच्या समितीनं 2018 साली केंद्र सरकारला अहवाल दिला. त्यात आहे, दर चार प्रौढ आदिवासींमागं एकाला उच्च रक्तदाब. अन् आपल्या बीपीची माहिती किती जणांना? पुरुषांत शंभरात 5, बायांत 9. बाकीच्यांना पडल्यावरच कळणार. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं 86 गावांतले मृत्यू तपासले, तर सातातला एक लकव्याचा निघाला. त्यातले बहुतेक घरातच मेले. लकव्याचं मोठं कारण हाच दाब.

अमेरिकेत काळी माणसं गोऱ्यांपेक्षा जास्त बीपीनं मरतात, हे तिथं समजतं, कारण मृत्यूच्या दाखल्यात वंश लिहितात. आपल्या मृत्यूच्या फॉर्मात धर्माचा रकाना आहे, जमातीचा नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे रान कसलंच नाही, ही यांची जुनी युक्ती. मरणातही तीच.

वर उपदेश, मीठ कमी खा, तंबाखू सोडा. तंबाखू-दारू सोडलीच पाहिजे, ते आपण बघू. पण गोळीचं काय? बीपीची गोळी सरकारी केंद्रात फुकट आहे, पण ती रोज लागते. एका गोळीच्या पाकिटासाठी एक रोज बुडवायचा? अन् वाशीतनं सहा महिने ऊसतोडीला गेलेल्यानं ती कुठनं आणायची?

तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी मोजायचं, हा सरकारचाच कार्यक्रम आहे. मग मशीन पालावर, वस्तीवर आलंच पाहिजे. दवाखान्याला जागा नाही म्हणतील. वनहक्क कायदा 2006, कलम 3(2) दाखवा. ग्रामसभेनं शिफारस केली तर दवाखान्यासाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन मिळते, फक्त हेक्टरी 75 च्या वर झाडं तुटायला नकोत.

ठराव घ्या. कोयता उचलायच्या आधी गोळ्या हातात पाहिजेत, हेही त्यात घाला. घरात कुणी लकव्यानं गेलं तर ‘म्हातारपण’ लिहू देऊ नका, लकवा म्हणूनच सांगा. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासकट मागून घ्या अन् एक प्रत आमच्याकडं पाठवा.