कळफलकाखालचा दिवा

आमच्या आत्याबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. घराण्यांतील कुळाचार, आणि माहेरीं-सासरीं पाहिलेलीं माणसें, यांविषयीं त्या गेलें वर्षभर लिहीत आहेत. कागदावर हात कांपतो म्हणून लॅपटॉपवर लिहितात. वेळ पहाटे चारची, जागा माजघरांतील. तेथेंच बाळंतपणासाठीं आलेली आमची मुलगी दोन महिन्यांच्या बाळासह निजते, तेव्हां वरचा दिवा लावण्याचा प्रश्नच नाहीं. कळांच्या खालून उजेड येतो असा लॅपटॉप आम्हीं मुद्दाम घेतला, आणि कळांवर मराठी अक्षरांच्या पारदर्शक पट्ट्या चिकटविल्या, तें याचसाठीं.

गेल्या महिन्यांत त्यांनीं लिहिणें एकाएकीं सोडलें. विचारलें तर, “आतां नाहीं रे जमत मला,” एवढेंच उत्तर. आम्हींही वयोमानाला दोष देऊन मोकळे झालों. पुढें सहज त्यांचें लिखाण उघडलें, तों ओळीओळींत नसत्या जागीं ‘र’ पडलेला!

उलगडा झाला तो असा. दहा सेकंद कळ दाबली नाहीं, कीं या लॅपटॉपवरील दिवा आपोआप विझतो. आत्याबाई एक वाक्य लिहून पुढच्यासाठीं थांबतात. सत्तर वर्षांपूर्वींचें एखादें नांव आठवावयास दहा सेकंद कसे पुरावेत? परंतु विचार करीत बसलेला मनुष्य यंत्राच्या लेखीं उठून गेलेला असतो. पुन्हां उजेड हवा तर कोणती तरी कळ दाबावी, आणि ती दाबली कीं तिचें अक्षर उमटतें. अंधारांत बोटाला ओळखूं येणाऱ्या अक्षरांच्या कळा दोनच, रोमन एफ व जे यांच्या. त्यांवर बारीक उंचवटा असतो. मराठीच्या इन्स्क्रिप्ट मांडणींत जेच्या जागीं ‘र’ आहे. आत्याबाई तीच कळ चांचपून दाबीत, आणि उमटलेलें अक्षर आपल्या हातची चूक समजत.

हा दहा सेकंदांचा नियम बदलण्याची सोय होती. पण ती कोठें? यंत्र सुरू होतांना एक ठराविक कळ दाबली म्हणजे जी इंग्रजी यादी उघडते, तिच्या पोटांत. आमच्या पुतण्यानें ती शोधून ‘कधींच विझूं नये’ असें ठरवून दिलें. ज्यांच्या घरीं वडीलधारीं माणसें लॅपटॉपवर लिहितात, त्यांनीं ही यादी एकदां अवश्य पाहावी.

ही आपोआपची युक्ति नवी नव्हे. २००३ सालच्या ॲपलच्या सतरा इंची पॉवरबुकवर भोवतालचा उजेड मोजून कळा आपण होऊन उजळत. आयबीएमच्या थिंकपॅडवर मात्र पडद्याच्या वरच्या कडेस एक इवलासा दिवा असे. दोन कळा एकदम दाबल्या कीं तो लागे, पुन्हां दाबल्या कीं विझे. त्याच्या उजेडांत जवळचा कागदही वाचतां येई. आम्हांला तो अधिक शहाणा वाटतो. उलट, २०२० च्या एम-वन मॅकबुक एअरवर कळांचा उजेड कमीजास्त करण्याच्या स्वतंत्र कळाच काढून टाकल्या, आणि तें काम पडद्यावरील यादींत नेऊन ठेवलें. ही प्रगति कोणाच्या सोयीची, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

असो. पुतण्याच्या उपायानंतरही दिवा मधूनच विझे. उजेड मोजणारा डोळा पडद्याच्या वरच्या कडेस, लिहिणाराकडे तोंड करून बसविलेला असतो. आत्याबाईंच्या पाठीमागें देवघराचें दार. तेथील दिव्याचा प्रकाश खांद्यावरून नेमका त्या डोळ्यांत जाई, व ‘उजेड पुष्कळ आहे’ असें समजून यंत्र आपला दिवा मालवी. कळा मात्र आत्याबाईंच्याच सावलींत. अखेर आम्हीं बैठें मेजच फिरविलें, तेव्हांपासून तक्रार नाहीं. यंत्रासाठीं घराची मांडणी बदलावी लागली याचा आम्हांस थोडा राग आला होता. आत्याबाईंना नाहीं. त्या म्हणतात, “इतके दिवस देवाकडे पाठ करून बसत होतें, तें तरी सुटलें.”