दिवे लावले म्हणून गाडी रस्त्याची होत नाही

नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला लागलेला आमचा भाचा जुनी डर्ट बाईक घ्यायला निघाला. ताईने बचतगटातून पैसे उचलले होते. गाडी शर्यतीची, ना दिवा ना नंबर. "दिवे बसवून घेऊ ना, मामा!"

आम्ही त्याला अडवले. अशा गाडीची आरटीओत नोंदणीच नसते, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आग्रा रोडवर कुणाला धक्का लागला तर भरपाई घरादारावर येईल.

हौसच असेल तर 2011 साली आलेली हीरो इम्पल्स किंवा 2019 ची एक्सपल्स पाहावी. ती मुळातच नंबराची. खरबरीत टायर काढून त्याच मापाचे रस्त्याचे घालावेत, बस्स. चासी नंबर आरसीशी स्वतः जुळवावा. पुढच्या शॉकअपमधून तेल गळते का, रिम वाकली का, बघावे. इंजिन थंड असतानाच किक मारावी. विकणारे आधी तापवून ठेवतात! निळा धूर आला तर इंजिन तेल खाते आहे. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्याव्यात. मध्य प्रदेशाच्या पासिंगची असेल तर आधी एनओसी.

भाचा अजून फुगून बसला आहे. पैसे ताईच्या पेटीत आहेत.